डोंगराचं विरजण

चौकातल्या फलकावर सकाळी आठच्या ठोक्याला आकडा बदलला, ४.४ चा ४.३ झाला, आणि मंडईत मेथीच्या जुड्या चाचपणाऱ्या बायकांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

सीनानगरात गेले सहा महिने रोज हेच चाललं होतं. दोन माणसं भेटली की आधी "आज किती?" आणि मग बाकीच्या चौकशा. शाळांमध्ये फळ्यावर सुविचाराच्या जागी हा आकडा लिहीत. सलूनमध्ये, कोर्टाच्या आवारात, दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत याच आकड्यावर चर्चा झडे. तो आकडा होता शहराच्या पूर्वेला असलेल्या कचऱ्याच्या डोंगराच्या उंचीचा. एके काळी हा डोंगर पंचेचाळीस मीटर उंच होता, म्हणजे पंधरा मजली इमारतीएवढा. उन्हाळ्यात तो आपोआप पेटायचा, पावसाळ्यात त्यातून काळं पाणी झिरपून विहिरींत उतरायचं, आणि वारा फिरला की लग्नाच्या पंगती नाकाला रुमाल लावून अर्ध्यावर उठायच्या. चौदा वर्षांत तो झिजत झिजत आता बैठ्या घराएवढा उरला होता. २६ मार्चला तो शून्यावर येणार होता. त्या दिवसाला महापालिकेने नावही देऊन टाकलं होतं, 'सपाट दिन'. ढोलपथकांचा सराव सुरू झाला होता. डोंगराच्या जागी क्रिकेटचं मैदान करायचं की बाग, यावरून दोन नगरसेवकांत बोलचाल बंद होती.

२६ मार्च ही तारीख काढली होती कस्तुरी म्हेत्रेने. ती पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. सातवीत असताना शाळेची सहल डोंगरावर गेली होती, तेव्हा सगळ्या मुली ओढणी तोंडावर धरून बसमध्ये परत पळाल्या आणि कस्तुरी मात्र तिथल्या कामगारांना विचारत राहिली, "हे सगळं जातंय कुठे?" तो प्रश्न तिने सोडला नाही. घरच्यांना ती फार्मसीला जायला हवी होती. "कचऱ्यात कसलं आलंय करिअर?" असं तिचे वडील म्हणायचे. आता तेच वडील दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत, "तारीख आमच्या कस्तुरीने काढलीय."

डोंगर जात होता तो विरजणामुळे.

कोमट दुधात चमचाभर विरजण घातलं की सगळ्या दुधाचं दही होतं, कारण त्या चमच्यातले जिवाणू दूध खाऊन वाढतात. डॉ. नसीमा बागवान यांनी चौदा वर्षांपूर्वी डोंगरात असंच एक विरजण घातलं होतं. त्यात सोळा जातींचे जिवाणू एकत्र नांदत. प्लास्टिक म्हणजे मुळात रेणूंच्या लांबच लांब माळा. काही जिवाणू या माळा तोडत, काही तुटलेले मणी खात, आणि उरलेसुरले इतरांच्या उष्ट्यावर जगून शेवटी ज्वलनशील वायू सोडत. तो वायू पोलादी नळांतून शहरातल्या चुलींपर्यंत पोचे. शास्त्रीय मासिकांत या मिश्रणाला एक लांबलचक नाव होतं. डोंगरावरचे कामगार त्याला विरजण म्हणू लागले आणि पुढे डॉ. बागवानही तेच म्हणू लागल्या.

पण प्लास्टिक खाणारा जीव डोंगराबाहेर पडला तर? नळ, विजेच्या तारांचं आवरण, गाड्यांचे भाग, दवाखान्यातल्या सलाइनच्या नळ्या, त्याला सगळं सारखंच. म्हणून डॉ. बागवान यांनी प्रत्येक जिवाणूला एक कुलूप घातलं होतं. जगायला त्याला एक असा पदार्थ लागे जो निसर्गात कुठेच मिळत नाही, फक्त प्रयोगशाळेत तयार होतो. या पदार्थाला त्या 'किल्ली' म्हणत. रोज सकाळी पाण्यातून किल्ली डोंगरावर शिंपडली जाई. किल्ली मिळेल तिथेच विरजण जगणार, कुंपणाबाहेर पाऊल टाकलं की मरणार. चौदा वर्षं हे कुलूप टिकलं होतं. सीनानगरच्या पाठोपाठ राज्यातल्या तेहेतीस शहरांनी आपापल्या डोंगरांना हेच विरजण लावलं होतं.

आणि शहरही बदललं होतं. चौदा वर्षांत लोक वस्तू दुरुस्त करायला शिकले, प्लास्टिकच्या पिशव्या विसरले, फेकायला लाजू लागले. शाळेत असताना 'फेकू नका, जपा' ही घोषणा कस्तुरीने गल्लोगल्ली दिली होती. आता शहरातून दिवसाला जेमतेम साठ टन कचरा निघे आणि विरजण तो सकाळच्या न्याहारीसारखा संपवी.

त्या दिवशी, म्हणजे फलकावर ४.३ लागला त्या दिवशी, कस्तुरी नमुने घ्यायला डोंगरावर गेली तेव्हा शेवंताबाई फाटकाशीच उभ्या होत्या.

शेवंताबाई कांबळे डोंगराच्या मुकादम. लहानपणी त्या याच डोंगरावर भंगार वेचायच्या. विरजण लागल्यावर वेचणाऱ्यांना नोकऱ्या मिळाल्या, त्यात शेवंताबाई मुकादम झाल्या. कुठे ओल जास्त झाली, कुठे विरजण सुस्तावलं, हे त्या नुसत्या वासावरून सांगत. कस्तुरीची यंत्रं तेच दोन दिवसांनी सांगत.

"हे बग गं पोरी," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पदराखालून काळ्या नळीचं एक भेंडोळं काढलं. शेजारच्या डाळिंबाच्या बागेतली ठिबकची नळी होती. कस्तुरीने ती हातात घेतली तर बोटं आत रुतली. भिजलेल्या पापडासारखी मऊ झाली होती.

"जुनी असेल, मावशी. उन्हाने होतात अशा."

"उन्हानं नळी कडक हुती, तडकती. मऊ न्हाई हुत. आन् जुनी कुठली, दिवाळीला टाकलीया." शेवंताबाईंनी ती नळी कस्तुरीच्या नाकाशी धरली. "वास घे."

आंबूस, किंचित गोडसर वास. विरजणाचा. कस्तुरी हसली. "कुंपणाबाहेर ते जगतच नाही, मावशी. कुलूप आहे त्याला."

"कुलपाचं मला नको सांगू. पोट रिकामं असलं की कंचं बी कुलूप उघडतं."

कस्तुरीने नळीचा तुकडा कापून बाटलीत टाकला, तो मुख्यतः मावशींचं मन राखण्यासाठी.

पण सवय म्हणून तिने प्रयोग नीट मांडला. दोन बाटल्या. दोन्हींत तो तुकडा आणि थोडं प्लास्टिक. एकीत किल्ली घातली, दुसरीत नाही. किल्ली नसलेल्या बाटलीत जे काही असेल ते दोन दिवसांत मरायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी ते मेलं नव्हतं. आपल्याच हातून किल्लीचा थेंब सांडला असणार म्हणून तिने स्वतःला शिव्या घालत सगळं पुन्हा केलं, नवीन हातमोजे घालून. पुन्हा तेच. मग तिने डोंगराच्या बारा ठिकाणचे नमुने आणून चोवीस बाटल्यांची रांगच लावली. जिथे कचरा अजून भरपूर होता तिथलं विरजण किल्लीशिवाय मुकाट मेलं. जिथे कचरा संपत आला होता, त्या कडांवरचं मात्र किल्लीशिवायही जगलं. हळू वाढत होतं, पण वाढत होतं.

सात मार्चला, भर दुपारी, चोविसावी बाटली उजेडात धरून कस्तुरी प्रयोगशाळेत एकटीच ओरडली, "अगं बाई!"

कुलूप मोडलं होतं. भुकेने! भुकेल्या जिवाणूच्या पेशीत जनुकांच्या नकला करताना चुका वाढतात, हे पुस्तकात होतं. बहुतेक चुका मारक असतात. पण अब्जावधी पेशींत एखादी चूक कुलूपच मोडते, आणि आजूबाजूला खायला काही नसताना तीच एक पेशी तगते. पोट भरलेलं असेपर्यंत कुणालाच कुलूप मोडायची गरज नव्हती. शहराने कचरा कमी केला, आणि त्या कमी करण्यानेच विरजणाला कुलूप मोडायला शिकवलं! जगात हे कुणालाच माहीत नव्हतं. या क्षणी पृथ्वीवर एकाच माणसाला ते माहीत होतं, आणि ते माणूस म्हणजे म्हेत्र्यांची कस्तुरी. ती खोलीत दोन गिरक्या घेऊन खुर्चीवर आदळली. आपल्याला आनंद झालाय याची तिला लाजही वाटली, पण तो आवरेना.

डॉ. बागवान परिषदेला बंगळुरूला गेल्या होत्या, दुसऱ्या दिवशी दुपारी परतणार होत्या. फोन बंद होता. कुणाला तरी सांगितल्याशिवाय कस्तुरीला बसवेना. तिने स्कूटर काढली आणि थेट डोंगर गाठला.

शेवंताबाई पाण्याच्या टाकीच्या सावलीला बसून भाकरी खात होत्या. कस्तुरी धापा टाकत म्हणाली, "मावशी, तुमचं बरोबर होतं! कुलूप मोडलंय! भुकेनेच मोडलंय!" आणि तिने बाटल्यांची सगळी हकिगत सांगितली.

शेवंताबाईंनी शांतपणे ऐकलं. "मंग आता काय करत्यात?"

"सोप्पं आहे! म्हणजे, सोपं नाही, पण उपाय आहे. बाटल्यांतच दिसला मला. कुलूप मोडलेले जिवाणू हळू वाढतात. खायला मुबलक असलं की कुलूपवाले त्यांना मागे टाकतात, त्यांना जागाच उरत नाही. म्हणून विरजणाला पुन्हा पोटभर घालायचं. डोंगरावर पुन्हा कचरा टाकायचा. भरपूर, रोज."

"डोंगर पुन्ना वाढवायचा?"

"वाढेल थोडा. निदान संपणार तरी नाही."

शेवंताबाईंनी भाकरीचा उरलेला चतकोर फडक्यात बांधला. मग त्यांनी ईशान्येच्या कोपऱ्याकडे बोट केलं. डोंगर उरला होता तो तिकडेच होता, पुरुषभर उंचीचा काळा ढिगारा.

"तिथं आमची झोपडी हुती," त्या म्हणाल्या. "एकुणीस वर्सं झाली. दोन दिवस पाऊस लागला आन् डोंगराची कड ढासळली. मी वजनकाट्यावर गेलती. माझी जुई झोपडीत हुती. नऊ वर्सांची. बारा दिवस खणलं त्यांनी, मंग आत आग लागली, ग्यास पेटला, आन् खणायचं थांबलं. घावली न्हाई."

कस्तुरी सहा वर्षं त्यांना ओळखत होती. हे तिने कधी ऐकलं नव्हतं.

"बागवान मॅडम पयल्यांदा आल्या तवा मी इचारलं, तुमचं विरजण हाडं खातं का? त्या म्हनल्या, न्हाई, पिलास्टिकच खातं. मग म्या नोकरी धरली. चौदा वर्सं रोज त्याला पाणी घातलं, त्याच्या संगं बोललेय मी, लवकर खा म्हून. एकुणीस दिवस राहिलेत, पोरी. एक पॉइंट नऊ. मला फलक वाचता येतो."

"मावशी..."

"एकुणीस दिवस गप बस. एवढंच. मंग काय घालायचं ते घाला त्याच्या पोटात."

कस्तुरीला हो म्हणावंसं वाटलं. तिने हो म्हटलंही नाही आणि नाहीही. "मला उद्या दुपारपर्यंत वेळ द्या," एवढंच ती म्हणाली.

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून तिने एकच काम केलं. जुन्या पातळ पिशवीच्या पट्ट्या कापल्या आणि कुंपणापासून शहराच्या दिशेने, पन्नास-पन्नास मीटरवर, ओल्या मातीत पुरल्या. विरजण तिथे असेल तर पातळ पट्टीला काही तासांत भोकं पडणार होती. विरजण जास्त दूर गेलं नसेल तर एकोणीस दिवस गप्प बसता येणार होतं. प्रत्येक पट्टी उकरताना ती मनात म्हणत होती, धड निघू दे.

कुंपणाजवळच्या पट्ट्या चाळणी झाल्या होत्या. पाचशे मीटरवरची चाळणी. सातशेवरची चाळणी. आठशेवर तीन भोकं. साडेआठशेवरची पट्टी धड निघाली आणि कस्तुरी बांधावर बसून हिशेब करू लागली. डाळिंबाच्या बागेतली नळी पहिल्यांदा मऊ लागली त्याला महिना होत आला होता. म्हणजे वाऱ्याबरोबर रोज साधारण तीस मीटर. कुंपणापासून सरकारी दवाखाना साडेबाराशे मीटर. पंधरा दिवसांत विरजण दवाखान्यात पोचणार होतं. दवाखान्याच्या या बाजूलाच नवजात बाळांचा कक्ष होता. तिथे कायम ऊब, कायम ओल, आणि केसाएवढ्या बारीक नळ्या.

पंधरा. सपाट दिनाला अजून अठरा होते.

तिने हिशेब तीनदा केला. तो चुकावा असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं.

ती आधी शेवंताबाईंकडे गेली. त्यांच्यासमोर मातीने भरलेल्या पट्ट्या ठेवल्या आणि म्हणाली, "मावशी, मी गप्प नाही बसू शकत. तीन दिवस कमी पडतायत." शेवंताबाईंनी एक पट्टी उचलली, उजेडात धरली, तिच्या भोकांतून पाहिलं आणि खाली ठेवली. "जा मंग," त्या म्हणाल्या, "उशीर नको करू."

डॉ. बागवान बॅग हातात घेऊनच प्रयोगशाळेत शिरल्या होत्या. पंचावन्न वर्षांची, बुटकी, भराभर चालणारी बाई. त्यांनी चोवीस बाटल्या पाहिल्या, कस्तुरीची वही पाहिली, नकाशा पाहिला. मग चष्मा काढून डोळे चोळले.

"मी कुलूप बनवलं तेव्हा सगळे शत्रू मोजले होते. ऊन, पाणी, चोर, युद्ध," त्या म्हणाल्या. "आपण यशस्वी होऊ हे मोजायचं राहिलं." आणि लगेच, "शाबास, कस्तुरी. फार मोठं काम केलंस तू. चल, महापौरांकडे."

"मॅडम, एक विचारायचं होतं. तो ईशान्येचा कोपरा आधी खणून घेता येईल का? दोन दिवस फक्त." तिने जुईबद्दल सांगितलं.

डॉ. बागवान यांना ते माहीत होतं. हाडांबद्दलचा तो प्रश्न त्या विसरल्या नव्हत्या. "तोच थर सगळ्यात भुकेला आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तो उकरला तर त्यातले बीजकण, म्हणजे विरजणाचं बियाणंच, वाऱ्यावर उधळेल. मग तीस मीटर नाही, दिवसाला तीन किलोमीटर. झाकावंच लागेल, आणि सुरुवात तिथूनच करावी लागेल."

महापौरांच्या दालनात सपाट दिनाच्या निमंत्रणपत्रिकांचे गठ्ठे रचलेले होते. महापौर स्वभावाने उत्साही माणूस. त्यांनी ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला तो कुणीही विचारला असता तोच. "किल्ली द्यायची बंद करा ना. मरेल सगळं."

"कुलूपवालं मरेल," डॉ. बागवान म्हणाल्या. "ज्याला किल्लीची गरजच उरली नाही, ते राहील. म्हणजे आपण राखणदार मारणार आणि चोर मोकळे सोडणार."

"औषध फवारा."

"कुंपणाबाहेर फवारू, तिथल्या नळ्या काढून जाळू. तेवढं जमेल. डोंगराखाली मात्र ते वीस मीटर जमिनीत उतरलंय. तिथवर पोचेल इतकं औषध टाकलं तर सगळ्या विहिरी जातील."

"मग कचरा द्या त्याला! कचऱ्याला काय तोटा?"

"रोज चारशे टन लागेल, साहेब," कस्तुरी म्हणाली. "आपला निघतो साठ."

"बाकीचा शेजारच्या शहरांतून आणू."

"त्यांच्याकडेही हेच विरजण आहे. त्यांचे डोंगरही संपत आलेत. उद्या त्यांनाही लागेल." हे बोलताना तिच्या आवाजात पुन्हा तीच लकाकी आली, कोडं सुटल्याची, आणि तिने जीभ चावली.

महापौर खुर्चीत मागे टेकले. "म्हणजे शहराने मुद्दाम कचरा करायचा? चांगल्या वस्तू फेकायच्या? चौदा वर्षं आम्ही लोकांना... किती दिवस?"

"त्याला मारणारं आणि बाकी कशाला हात न लावणारं काही सापडेपर्यंत," डॉ. बागवान म्हणाल्या. "मी शोधेन. कस्तुरीही शोधेल. पण तारीख विचारू नका."

शहराला तीन दिवसांत सगळं कळलं. आधी कुणाचा विश्वास बसला नाही. मग चाळणी झालेल्या पट्ट्या चौकात फलकाखाली टांगल्या गेल्या आणि दवाखान्यातून बाळांना रातोरात नाही तर भरदिवसा, सगळ्यांच्या देखत, दुसऱ्या गावी हलवलं, तेव्हा बसला. त्यानंतर सीनानगर जे धावलं, ते पाहण्यासारखं होतं. लोकांनी माळे रिकामे केले. बादल्या, खुर्च्या, टाक्या, जुनी खेळणी, वीस वर्षं जपलेल्या बरण्या. ढोलपथकांची पोरं घराघरांतून वस्तू गोळा करत फिरली. सपाट दिनाचा मांडवसुद्धा उतरवून गाडीत भरला. कस्तुरी झोपेशिवाय चार दिवस धावत होती, कुठे किती टन आला, कुठल्या थराला कितीची गरज, सगळं तिच्या वहीत. मोहीम होती, आणि ती जिंकायची होती!

पहिली गाडी डोंगरावर आली ती तेरा मार्चला, सकाळी नऊ वाजता. ईशान्येच्या कोपऱ्यावर गाडी मागे घ्यायला इशारा लागतो आणि तो मुकादमच देतो. कस्तुरीने दुसऱ्या माणसाला उभं केलं होतं. शेवंताबाईंनी त्याला बाजूला केलं.

"माझं काम हाय," त्या म्हणाल्या.

त्यांनी हात वर केला आणि ड्रायव्हरला "येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे" करत कडेपर्यंत आणलं. मग तळवा उघडून थांबवलं. गाडीचा पाठचा भाग उचलला गेला, रंगीबेरंगी खुर्च्यांचा आणि बादल्यांचा ढीग घरंगळत काळ्या थरावर पडला, आणि थर दिसेनासा झाला. जमलेल्या लोकांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. शेवंताबाई तिथेच उभ्या राहून दुसऱ्या गाडीची वाट पाहू लागल्या.

उपाय लागू पडला. पाचव्या आठवड्यात कडांवरच्या नमुन्यांत कुलूप मोडलेले जिवाणू निम्म्यावर आले, पावसाळ्यापर्यंत शोधूनही सापडेनात. कुंपणाबाहेरच्या पट्ट्या धड निघू लागल्या. बाळं दवाखान्यात परत आली. कस्तुरीचा प्रबंध जगभर वाचला गेला, आणि शिक्षण पूर्ण होताच महापालिकेने तिला नोकरी दिली. पद नवीन होतं, 'भरणाधिकारी'. डोंगराचं पोट रोज भरतंय की नाही हे पाहणारी अधिकारी.

माळे मात्र एकदाच रिकामे होतात. दिवाळी येईतो शहरातल्या जुन्या वस्तू संपल्या. मग नियम आला. माणशी रोज अर्धा किलो प्लास्टिक डोंगरावर किंवा वॉर्डाच्या केंद्रावर जमा करायचं. ज्यांच्याकडे फेकण्यासारखं काही उरलं नव्हतं त्यांच्यासाठी बाजारात 'फेकवस्तू' आल्या, म्हणजे फेकण्यासाठीच बनवलेल्या वस्तू. सुरुवातीला ते नुसते ठोकळे होते. पण लोकांना ठोकळे फेकवेनात, हात जड होई. म्हणून कारखानदारांनी त्यांना आकार दिले, पेले, फुलदाण्या, बाहुल्या. नव्या कोऱ्या वस्तू दुकानातून निघत आणि वेष्टनासकट डोंगरात जात. कारखाने दिवसाचे चोवीस तास चालत होते आणि त्यांना लागणारा वायू डोंगरच देत होता. शाळेत मुलांना मोकळ्या हाताने फेकायला शिकवायचे तास सुरू झाले. कस्तुरी त्या तासांना जाई. मुलं हुशार होती, पटकन शिकत. ज्यांना जमत नसे त्यांना ती समजावून सांगे की हे वाईट नाही, यानेच बाळं वाचतात. ते खरंही होतं.

डोंगर तेव्हा सात मीटरवर होता.

डिसेंबरातल्या एका सकाळी फाटकावरच्या काट्याशी नेहमीसारखी रांग लागली होती. लोकांच्या हातांत वेष्टनातले पेले आणि बाहुल्या होत्या. कस्तुरी स्वतः वजनं टिपत होती, कारण दोन माणसं रजेवर होती. रांगेत शेवंताबाई दिसल्या. त्या सप्टेंबरात निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या हातात बादली होती, आणि बादलीतून पाणी ठिबकत होतं.

"मावशी, तुम्ही कशाला आलात? तुम्हाला माफ आहे. मीच यादीत लिहिलंय तसं."

"व्हय, कागद आला घरी," शेवंताबाई म्हणाल्या. त्यांनी बादली काट्यावर ठेवली. आत तेलाच्या पिशव्या होत्या, एक फुटका मग, दुधाच्या पिशव्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून मागून आणलेलं काहीबाही. प्रत्येक वस्तू घासून, साबण लावून धुतलेली होती. तेलाच्या पिशव्या उलट्या करून आतूनसुद्धा.

"धुवायची गरज नसते, मावशी. विरजण तसंच खातं."

"विरजणासाठी कुठं धुतलंय?" शेवंताबाई म्हणाल्या. "तिच्या अंगावर पडायचंय ते."

मागच्या माणसाने घड्याळ पाहिलं. नियमाप्रमाणे ओल्या मालाचं वजन धरत नसत. कस्तुरीने पेन खाली ठेवलं, काट्यावरची बादली उतरवून घेतली आणि एकेक पिशवी झटकून, उन्हात, फाटकाच्या कठड्यावर वाळत घालू लागली.